उजव्या आट्यांची सायकल

बदली होऊन आम्ही चेन्नईस आलो, त्यास यंदा सहा वर्षे होतील. परगावी गेलेला मराठी माणूस प्रथम घर शोधतो आणि मग आपली भाषा बोलणारे चार लोक शोधतो. त्या दुसऱ्या शोधात आम्हांस पश्चिम मांबलममधील एका निवृत्त गृहस्थांचा स्नेह लाभला. सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून आम्हीही नानाच म्हणू. लेखापरीक्षणाच्या खात्यात त्यांचे आयुष्य गेले. मूळ घर साताऱ्याकडचे, पण गेली साठ वर्षे मुक्काम येथेच. शहराचे नाव १९९६ साली बदलले हे त्यांस ठाऊक आहे, तरी तोंडातून अद्याप मद्रासच निघते.

नानांच्या मागील पडवीत भिंतीच्या दोन खुंट्यांवर एक सायकल टांगलेली होती. खाली वळलेले हँडल, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, रंग कधी काळी निळा असावा. गेल्या वर्षी त्यांची नात गिंडीस अभियांत्रिकी शिकावयास आली आणि ती सायकल पाहून म्हणाली, “आजोबा, ही मला द्या.” नानांनी आम्हांस बोलावून घेतले. आम्ही रविवारी सायकलींची उचकाउचक करतो हे त्यांच्या कानी गेले होते. ते म्हणाले, “अहो, हिला चालती करा. लागतील ते नवे भाग घाला. पण ती ती राहिली पाहिजे.” शेवटचे वाक्य तेव्हा आम्हांस सोपे वाटले.

सायकलीची हकिकत नाना पुष्कळ वर्षे सांगत आले आहेत आणि ती ठरलेल्या शब्दांत येते. १९६४ साली मद्रास बंदरास लागलेल्या एका इटालियन जहाजाच्या खलाशाकडून त्यांनी ती विकत घेतली. खलाशी पैशाच्या अडचणीत होता. नानांचे नुकतेच लग्न झाले होते. दोन महिन्यांचा पगार गेला आणि घरात आठ दिवस अबोला होता. हकिकतीचा शेवट नेहमी एकच, “तेव्हापासून आजतागायत हिचा एक खिळाही बदललेला नाही.”

आमचा विषय पदवीस इतिहास होता. नोकरीत त्याचा उपयोग फारसा झाला नाही; एक खोड मात्र लागून राहिली. कोणी ठरलेल्या शब्दांत हकिकत सांगू लागला की आम्हांस बखरींची आठवण होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या साऱ्या खटाटोपामागे एकच आग्रह होता: बखर ऐकावी, पण अस्सल कागदावर ताडून पाहावी. बखर दगडावर कोरली म्हणून कागद होत नाही. तंजावरास बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. रजेत तो पाहून आलेले वाचक येथे पुष्कळ असतील. तो लेख मोठ्या अभिमानाने पाहावा, पण त्यातील प्रत्येक सनावर विसंबू नये असे जाणते सांगतात.

तेव्हा नानांची हकिकत ही बखर, आणि खुंटीवरची सायकल हे दप्तर, असे मनाशी धरून आम्ही कामास लागलो. या दप्तराची लिपी आम्हांस येत नव्हती, आणि तिने पहिल्याच दिवशी आमची फजिती केली.

ती सांगण्यापूर्वी येथील सायकलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मद्रासचा हात सायकलीच्या बाबतीत बर्मिंगहॅमचा हात आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकलींची आयात आवळली गेली आणि देशी कारखान्यांस संरक्षण मिळाले. १९४९ साली येथील मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीशी भागीदारी केली, आणि १९५१ मध्ये शहराबाहेर अंबत्तूर येथे पहिली हर्क्युलिस सायकल तयार झाली. हर्क्युलिस हे नाव बर्मिंगहॅमचे. १९१० साली क्रेन बंधूंनी ते काढले आणि १९४६ मध्ये ते ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे गेले. मागाहून फिलिप्स आणि बी.एस.ए. हीही नावे अंबत्तूरच्या सायकलींवर आली. बी.एस.ए. म्हणजे मुळात बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना. तिच्या चिन्हावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असत, आणि आपल्याकडे दूधवाले व पोस्टमन त्या बंदुका मिरवीत हिंडत. १९५५ साली अवडी येथे सायकलीच्या नळ्यांचाही कारखाना निघाला. इंग्लिश कंपनीचे अध्यक्ष सर आयव्हन स्टेडफर्ड यांच्या नावाचे रुग्णालय अंबत्तूरला आजही चालू आहे.

हे केवळ मद्रासचे नव्हे. असनसोलची सेन-रॅले, मुंबईत वरळीची हिंद, सोनिपतची ॲटलास, पुढे लुधियान्याची हीरो, या सर्वांचा सांगाडा इंग्रजी काळ्या सायकलीचाच. तिच्यावर बसून पुण्याची पेन्शनर मंडळी पर्वतीकडे जात आणि येथले कारकून सेंट जॉर्ज किल्ल्यातील सचिवालयात. आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या चाकरांस सायकल घेण्यासाठी पगारावर अग्रिम मिळे व तो हप्त्यांनी कापला जाई. सातव्या वेतन आयोगानंतर हा अग्रिम बंद झाला. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा कार्यालयातील एका वृद्ध शिपायाने तो अखेरचा उचलल्याचे आम्हांस आठवते. तात्पर्य, तीन पिढ्यांच्या मिस्त्र्यांनी एकाच जातीची सायकल उघडली व मिटवली. पाना कोणीकडे फिरवावयाचा हे त्यांच्या मनगटास ठाऊक असते.

आता फजिती. सायकलीच्या मध्यभागी, जेथे पायडलांचा दांडा फिरतो, तेथे सांगाड्याच्या आडव्या नळीत दोन बाजूंनी दोन कप आट्यांनी बसवलेले असतात आणि त्यांत छर्रे फिरतात. हे कप काढून आतील ग्रीस बदलल्यावाचून जुनी सायकल चालू करता येत नाही. आम्ही सायकल घेऊन मांबलममधीलच एका मिस्त्रीकडे गेलो. माणूस पन्नाशीचा आणि कामात पक्का. डाव्या बाजूचा कप त्याने सहज काढला. उजव्या कपास पाना लावून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने रेटू लागला, कारण इंग्रजी सायकलीचा उजवा कप डाव्या आट्यांचा असतो, म्हणजे आपण ज्या दिशेने बाटलीचे झाकण आवळतो त्या दिशेने तो सुटतो. कप हलेना. त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून बळ वाढवले. आम्हीही पलीकडून सांगाडा धरला आणि, लपविण्यात अर्थ नाही, “अजून थोडे” असे म्हणालो. पाना निसटला, कपाच्या कडा सोलल्या आणि मिस्त्रीच्या बोटास लागले. “सार, हा सुटत नाही, घट्ट होतो आहे,” असे तो तमिळमध्ये म्हणाला. ते अक्षरशः खरे होते.

रॉकेलने कपाचा दर्शनी भाग पुसल्यावर त्यावर बारीक अक्षरांत ३६ × २४ असे उमटलेले दिसले. पाना लावण्यापूर्वी पुसले असते तर पहिल्याच क्षणी सारे समजले असते. राजवाड्यांच्या शिष्याने कागद उलगडण्याआधी फाडावा तसा हा प्रकार झाला.

हे दोन आकडे म्हणजे इटालियन सायकलीची जन्मखूणच होय. इटालियन कपाचा व्यास ३६ मिलिमीटर, इंग्रजी कपाचा १.३७० इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर. इटालियन सांगाड्याची ती आडवी नळी ७० मिलिमीटर रुंद, इंग्रजी ६८. आणि इटालियन सायकलीत दोन्ही कप उजव्या आट्यांचे. यात मौज अशी की, व्यास मिलिमीटरात मोजणारा हा कप आटे मात्र इंचात मोजतो: एका इंचास चोवीस. मीटर-किलोग्रॅमच्या देशात इंच कोठून आला? ज्या काळी हे प्रमाण ठरले त्या काळी आटे पाडण्याच्या विद्येवर इंग्रजी कारखान्यांचा शिक्का होता, आणि तो इटालियन सायकलीवर अनेक जागी राहिला आहे. मोडी पत्रात ‘जमीन’, ‘हजर’, ‘तारीख’ हे फारसी शब्द बिनदिक्कत बसलेले असावेत, तसा हा इंच त्या मिलिमीटरात बसला आहे.

इंग्रजांनी उजवीकडे डावे आटे का घेतले, हेही सांगण्याजोगे आहे. पेन्सिल मुठीत सैल धरून तिचे वरचे टोक गोल फिरवावे. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलट दिशेने फिरू लागते. दांडा, छर्रे आणि कप यांत असेच काहीसे घडते. वर्षानुवर्षे पायडल मारताना उजवा कप हळूहळू उलट फिरण्याकडे कलतो, आणि त्याचे आटे उजवे असतील तर तो सैल होतो. म्हणून इंग्रजांनी डावे आटे घेतले. इटालियनांनी घेतले नाहीत. त्यांनी कप बळाने आवळावा असा नियम केला. यांतील शहाणपण इंग्रजांकडे आहे असे आमचे मत. तथापि एक गोष्ट इटालियनांच्या बाजूची: इंग्रजी सांगाड्याचे आटे झिजून गेले तर ते कापून मोठे करता येतात आणि त्यात इटालियन कप बसवता येतो. उलट मात्र होत नाही.

दुसऱ्या दिवशी तेल मुरवून आणि उलट दिशेने रेटून तो कप निघाला. पहिला आटा दुखावला होता, बाकीचे शाबूत होते. मिस्त्रीने आम्हांस चहा पाजला.

येथून पुढे आम्ही आधी पुसू लागलो, मग वाचू लागलो आणि सर्वांत शेवटी पाना लावू लागलो. सांगाड्यावर बनविणाऱ्याचे नाव नव्हते. पुढील नळीवरची पट्टी केव्हाच पडली होती, नुसती दोन भोके उरली होती. इटलीत मिलान येथे एदोआर्दो बियांकी याने १८८५ साली दुकान काढले आणि पुढे ते नाव जगभर झाले, हे खरे. पण त्याच्याभोवती लहान लहान कारागिरांचे शेकडो कारखाने होते आणि त्यांपैकी पुष्कळांची नावे त्यांच्या गल्लीबाहेर गेली नाहीत. १९०९ साली इटलीची प्रदक्षिणा करणारी शर्यत प्रथम झाली. तिचा पहिला विजेता लुईजी गान्ना हा गवंडीकाम करणारा. त्यानेही पुढे आपल्या नावाच्या सायकली काढल्या. अशा देशात बेनावाच्या सांगाड्याचा बाप शोधणे व्यर्थ होय. पण सांगाडा मुका असला तरी त्यावर टांगलेले भाग बोलके होते, आणि त्यांपैकी बहुतेक भागांवर एकच नाव होते: कांपान्योलो.

तुल्लियो कांपान्योलो हा विचेंझाचा. तो स्वतः शर्यतींत उतरत असे. सांगतात ते असे: १९२४ च्या नोव्हेंबरात क्रोचे दाउने नावाच्या घाटात बर्फ पडत होते. मागचे चाक काढून उलटे घातल्यावाचून त्या काळी गियर बदलत नसे. त्याची बोटे गारठली आणि चाकाचे पाकळ्यांचे नट सुटेनात. त्यातून त्याला पोकळ दांडा आणि एका झटक्यात सुटणारी खिटी यांची कल्पना सुचली. या हकिकतीबद्दल अलीकडे शंका घेतल्या गेल्या आहेत. तीही एक बखरच असावी. पण खिटी खरी आहे, १९३३ साली त्याने काढलेला कारखाना खरा आहे, आणि आजही चेन्नईच्या दुकानांत मिळणाऱ्या शर्यतीच्या पुष्कळ सायकलींस ती खिटी असते. पुढे त्याने दोन दांड्यांचा एक गियर काढला. त्यात स्वार चालत्या सायकलीवर मागे हात घालून एका दांडीने चाक सैल करी व दुसरीने चेन सरकवी. १९४८ ची फ्रान्सची प्रदक्षिणा बार्ताली याने त्याच गियरवर जिंकली. ते चित्र पाहिले की आम्हांस अंगावर काटा येतो. १९५० नंतर हातातील तारेने चालणारा चौकटीचा गियर आला आणि ही कसरत संपली.

त्याच सुमारास इटालियन सायकल मद्रासेत प्रथम अवतरली असे म्हटले तरी चालेल, मात्र पडद्यावर. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि मग तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. त्यात दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा चित्रपट होता. त्यातील दुःख सर्वांच्या ध्यानात राहते. आमच्या ध्यानात मात्र रोमच्या पियात्सा व्हित्तोरियोचा बाजार राहिला. चोरलेली सायकल तेथे अखंड विकली जात नाही, ती मोडून भागाभागांनी विकली जाते, म्हणून शोधणारे आपसांत वाटणी करतात: तू टायर बघ, तू सांगाडा, मुलाने पंप आणि घंटी. मग एका सांगाड्याच्या क्रमांकाची ताडणी होते आणि तो जुळत नाही. चोरीस गेलेल्या सायकलीचे नाव ‘फिदेस’, म्हणजे लॅटिनमध्ये श्रद्धा. या शहरातही जुन्या वस्तूंचा असा एक बाजार होता, सेंट्रल स्टेशनाशेजारचा मूर मार्केट. १९८५ साली तो जळाला. त्याच्या राखेत किती सायकलींचे भाग गेले असतील कोण जाणे.

आता आमचे दप्तर. मागील चाकाच्या दांड्यावर बाहेरच्या बाजूस एक चपटा नट असतो. कांपान्योलो त्यावर आपल्या नावाची तीन अक्षरे आणि सालाचे शेवटचे दोन आकडे उमटवीत असे. दाताच्या जुन्या ब्रशाने तेल काढल्यावर आकडे दिसले: ६३. पायडलांच्या दांड्यांचा जोड ‘रेकॉर्ड’ नावाचा, जो १९५८ साली निघाला. त्याच्या पाच हातांवर दातेरी चक्र पाच बोल्टांनी बसते, आणि त्या पाच बोल्टांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजल्यावर १५१ मिलिमीटर भरला. १९६७ च्या सुमारास कारखान्याने हे माप १४४ केले. म्हणजे हा जोड १९५८ ते १९६७ यांच्या दरम्यानचा. ब्रेक मिलानच्या युनिव्हर्सलचे, त्यांवर ६१ हा आकडा. तो मात्र सालाचा नव्हे, नमुन्याचा. अशा जागी नवशिका फसतो आणि आम्हीही अर्धा दिवस फसलो होतो. एकूण पुरावा एकमुखी होता: सायकल १९६३ च्या आसपासची, आणि १९६४ साली ती जहाजावरून मद्रासेस उतरली असेल तर त्यात अशक्य काही नाही. नानांची बखर खरी ठरली. आम्ही तसा निरोप धाडला आणि संध्याकाळी नाना स्वतः पेढे घेऊन आले.

पेढे खाऊन झाल्यावर आम्ही मागचा गियर पुसावयास घेतला. आधी तो घेतला असता तर बरे झाले असते, किंवा कधीच घेतला नसता तर, हे आजही आम्हांस ठरविता येत नाही.

त्या गियरच्या अंगावर ‘पेटंट’ हा शब्द आणि त्यापुढे ७२ हा आकडा होता. १९७० च्या आसपासपासून कारखाना तेथे साल घालू लागला. शिवाय हा गियर हलक्या ॲल्युमिनियमचा होता, म्हणजे १९६७ साली निघालेला ‘नुओव्हो रेकॉर्ड’. १९६३ च्या सायकलीवर मूळचा असेल तर तो मुलामा दिलेल्या पितळी धातूचा, जड असावयास हवा. १९६४ साली विकत घेतलेल्या आणि “एक खिळाही न बदललेल्या” सायकलीवर १९७२ चा गियर असू शकत नाही.

नानांनी ते मानले नाही. ते रागावले नाहीत, लेखापरीक्षकाप्रमाणे त्यांनी उलटतपासणी केली. आकडा सालाचाच कशावरून? आताच ६१ वर तुम्ही फसला नव्हता काय? प्रश्न रास्त होता. आम्ही अंदाज सांगितला, धातूचा फरक दाखविला. शिवाय त्या दशकात असा गियर या देशात दुकानातून मिळणे अशक्य होते. आयातीचे परवाने यंत्रसामग्रीस मिळत नव्हते, तेथे शर्यतीच्या सायकलीच्या गियरला कोण देणार! कोणी तरी परदेशातून खिशात घालून आणला असला पाहिजे. हे वाक्य आम्ही सहज बोलून गेलो. नाना काही बोलले नाहीत, आणि थोड्या वेळाने उठून गेले.

आठवड्याने त्यांनी बोलावले. माळ्यावरून त्यांनी हत्यारांचा एक पत्र्याचा डबा काढवून ठेवला होता. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही तरी होते. उलगडले तर जुना गियर, जड, मुलामा उडालेला. चेन ज्यातून जाते त्या पिंजऱ्याची एक पट्टी वाकलेली. गुंडाळलेला कागद येथीलच एका इंग्रजी दैनिकाचा, १९७४ च्या मे महिन्यातला, आणि त्यावर रेल्वेच्या संपाची बातमी होती. अभ्यासकास अशी तारीख हाती येणे म्हणजे भाग्य. पण तो कागद हाती धरून आम्हांस आनंद दाखविता येईना, कारण नानांचा चेहरा पाहिला होता.

८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला आणि २७ तारखेस संपला. नाना तेव्हा विशाखापट्टणमला दौऱ्यावर होते आणि गाड्या नसल्याने तेथेच अडकून पडले. त्यांचे धाकटे बंधू व्यापारी जहाजावर नोकरीस होते. ते रजेवर येऊन मद्रासच्या घरी उतरले होते. नाना परतले तेव्हा बंधू पुन्हा जहाजावर जाण्याच्या घाईत होते. जाताना एवढेच म्हणाले, “दादा, सायकल ओव्हरऑइल केली आहे.” त्यानंतर सायकल हलकी चालते असे नानांस वाटले होते. तेल घातल्याने असेल, असे त्यांनी मानले. पुढे १९७९ साली साताऱ्याच्या वाड्याच्या वाटणीवरून भावांत बिनसले. त्यानंतर बोलणे झाले नाही, आणि आता ते बंधू हयात नाहीत. “त्याने मला कधी काही दिले नाही,” हे वाक्य नानांच्या तोंडून आम्ही पूर्वी ऐकले होते. तेही ठरलेल्या शब्दांत येत असे.

हा सर्व खुलासा नानांनी तुटक तुटक केला. आम्ही त्यात आमच्याकडून काही घातलेले नाही. बंधूंनी तो गियर कोणत्या बंदरात घेतला, काय किंमत दिली आणि आपण होऊन का सांगितले नाही, याला पुरावा नाही.

मग प्रश्न उभा राहिला तो सायकल सुधारण्याचा. जुन्या सायकलींच्या शौकिनांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सायकल कारखान्यातून निघाली तशी करावी. प्रत्येक भाग त्याच सालचा हवा. दुसरा म्हणतो, जुना सांगाडा ठेवावा आणि अंगावर आजचे भाग चढवावेत: अकरा-बारा चक्रांचे गियर, हँडलातून चालणारे ब्रेक. पहिल्या पंथाप्रमाणे बंधूंचा गियर काढून डब्यातला वाकलेला गियर सरळ करून लावावयास हवा होता. तोच खरा मूळ. दुसऱ्या पंथाप्रमाणे मागील कण्याची जागा १२० मिलिमीटरांवरून १३० पर्यंत ताणावी लागती, म्हणजे साठ वर्षांच्या नळ्यांवर जोर आलाच, आणि मग ६३ च्या चाकाचे काही कामच उरले नसते. नातीचा कल दुसऱ्या पंथाकडे होता, आमचा, इतिहासाच्या अभिमानामुळे, पहिल्याकडे. नानांनी दोन्ही नाकारले. “गियर आहे तो राहू द्या” एवढेच ते म्हणाले. “ती ती राहिली पाहिजे” या त्यांच्या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी नव्याने लावावा लागला.

मग जेथे सुरक्षिततेचा प्रश्न होता तेथेच हात घातला. जुनी चाके चिकटवायच्या टायरांची होती. टायर रीमवर गोंदाने चिकटवावयाचा आणि आत ट्यूब शिवलेली. रोज गिंडीस जाणाऱ्या मुलीने रस्त्याकडेला पंक्चर काढावे अशी ती रचना नव्हे. आपल्या देशी काळ्या सायकलीचा टायर येथे बसत नाही, तिच्या रीमचा व्यास ६३५ मिलिमीटरांचा. आम्ही ६२२ च्या आजच्या रीम घेतल्या, छत्तीस भोकांच्या, आणि ६३ चेच हब ठेवून नव्या तारा ओवून घेतल्या. सुदैवाने ब्रेकचे हात नव्या रीमपर्यंत पोचले. ब्रेकची रबरे, सर्व तारा आणि चेन नवी. मधल्या कपांतील छर्रे पाव इंचाचे, ते कोपऱ्यावरच्या दुकानातच मिळाले. तेथे इंग्रजी व इटालियन यांचे जमते. पुढील हबचे छर्रे मात्र सात-बत्तिसांश इंचाचे निघाले आणि ते शोधत आम्हांस जॉर्ज टाउनच्या बेअरिंगवाल्यांपर्यंत जावे लागले. सर्वांत दमविले ते हँडलाच्या मुठीने. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांस असे धरून बसतात की सुटता सुटत नाहीत. तीन आठवडे रोज तेल सोडल्यावर ती हलली. उजवा कप त्याच मिस्त्रीने बसविला. आवळण्यापूर्वी त्याने पाना कोणीकडे फिरवावयाचा हे आम्हांस विचारले, आणि आम्हीही उत्तर देण्यापूर्वी आकडे पुन्हा वाचले.

पुढे लहान चक्र चव्वेचाळीस दात्यांचे आहे. १५१ च्या मापावर याहून लहान चक्र येत नाही. घाटाच्या मुलुखात ते जड गेले असते. येथे परंगीमलैची टेकडी सोडली तर चढ नाही. नात पहाटे मैत्रिणींबरोबर महाबलिपुरमच्या रस्त्यालाही जाऊ लागली आहे, आणि पायांस सवय झाली असे म्हणते.

काढलेल्या सर्व वस्तू आम्ही त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवल्या: जुन्या रीमचे दोन तुकडे, वाकलेला गियर, सोललेला उजवा कप, कारण त्याच्या जागी आम्हांस दुसरा मिळवावा लागला, आणि ते १९७४ चे वर्तमानपत्र. डब्यात एक वही घातली. कोणता भाग, कोणत्या सालचा, कोणी व केव्हा बदलला, असे रकाने कार्यालयातील साठा-नोंदवहीप्रमाणे आखले. गियरच्या नोंदीपुढे ‘कोणी’ हा रकाना आम्ही कोरा ठेवून वही नानांस वाचावयास दिली. त्यांनी ती दोन दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा त्या रकान्यात त्यांच्या हस्ताक्षरात, लेखापरीक्षकाच्या हिरव्या शाईत, बंधूंचे पूर्ण नाव होते, आणि खाली तारीख: मे १९७४.